काकांच्या मापाची मूठ

बोनकोडे,
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. सौ. जागृतीस,
दिपेशदादाचे तुला आणि ठमीला खूप खूप आशीर्वाद.

पाकीट बघून आधी घाबरशील, मग हसशील. दोन्ही कर, पण शेवटपर्यंत वाच. दहावीच्या पेपरातलं पत्र सोडलं तर मी आयुष्यात कुणाला पत्र लिहिलेलं नाही, आणि त्यातही मला दहापैकी तीन होते. फोन केला असता. पण फोनवर तू "बाबा जेवले का, बाबांचा हात कसा आहे" इथून सुरू करतेस, आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर घाबरून मीच पाच मिनिटांत पुसून टाकेन. माझं मला माहीत आहे.

इकडे सगळे बरे आहेत. काकीचा गुडघा थंडीत दुखतो, तरी दिवसभर काही ना काही निवडत बसते. माझ्या दुकानात काम भरपूर आहे. तुर्भ्याच्या एका सोसायटीने पाच फुटी देव्हारा सांगितलाय, घुमट तीन वेळा बदलून झाला, आता सेक्रेटरी म्हणतो मोर हवेत. ठमीला सांग की तिच्या बाहुलीची खाट तयार आहे, फक्त पॉलिश राहिलंय. चार महिने झाले, पॉलिशचा डबा उघडायला हात होत नाही. देव्हाऱ्यांनाही मी हल्ली दुसऱ्याकडून पॉलिश करून घेतो.

त्याचबद्दल लिहायचं आहे.

येत्या शुक्रवारी तेजसची कोर्टात तारीख आहे. काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, रिव्हॉल्व्हर परवाना नसताना हातात घेतलं, ते उडालं आणि त्याच्याच पायात गोळी गेली, हे तो त्या दिवशी कबूल करणार आहे. मला येऊन सांगून गेला. तू त्याला म्हणालीस ना, "एकदा खरं बोल आणि घरी ये"? म्हणून तो कबूल करणार आहे. जागृती, तुझ्या नवऱ्याला कबूल करू देऊ नकोस. का, ते एका ओळीत लिहिता आलं असतं तर मी तेवढंच लिहिलं असतं. सकाळपासून तीन कागद फाडलेत.

ते रिव्हॉल्व्हर आपल्या आजोबांचं, हे तुला ठाऊक आहे. मिठागराच्या राखणीसाठी त्यांना परवाना मिळाला होता, पुढे तो काकांच्या नावावर झाला. जुन्या पद्धतीचं, लांब नळीचं. नुसता चाप ओढून ते उडत नाही. दर वेळी आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढून चढवावा लागतो, मग चाप. लहानपणी दसऱ्याला गच्चीवर काका हवेत एक बार काढायचे, तेव्हा तू कानात बोटं घालून काकीच्या पदरात शिरायचीस आणि मी पुढे पुढे करायचो. तेव्हा समोर खाडीपर्यंत काही नव्हतं. कायदेशीर तेव्हाही नव्हतंच, पण विचारतंय कोण.

चार वर्षांपूर्वी काकांच्या हाताला संधिवात धरला आणि तो बार बंद झाला. रिव्हॉल्व्हरची मूठ काळ्या टणक रबराची, बारीक खवल्यांची. खालच्या बाजूला निमुळती. काकांची करंगळी तिच्यावर मावत नसे, लोंबकळत राही, आणि बार काढला की चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटे. खवले तर तळहाताला चावल्यासारखे लागत. निवडणुकीच्या वेळी चौकीत जमा करायला न्यायचं झालं तरी काका ते पिशवीत घालून माझ्या हातात देत.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस ते दुकानात आले. मी पट्ट्यावर रंधा मारत होतो. त्यांनी समोर हात धरला.

"दिपेश, यो हात बग. बापासचं हत्यार हाय, आनि माझ्या हातान ऱ्हात नाय. तू देवांची घरा बनवतस. मना एक मूठ बनवून दे ना."

तुला आठवतं, मी आयटीआय सोडून सुतारकाम धरलं तेव्हा काका काय म्हणाले होते? आपल्यात कुणी रंधा धरला नाही, तू धर, आणि आजोबांच्या नावाचंही फळकूट करून टाक. बाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, दुकानाची जागा त्यांनीच दिली, पण माझ्या हातचा एक पाटसुद्धा त्यांनी कधी चांगला म्हटला नाही. आणि तेच आता माझ्या दारात हात पुढे करून उभे. मी नाही म्हणणार होतो का? मी तर हरखून गेलो.

गणपतीचा शाडू उरला होता. त्याचा ओला गोळा काकांच्या मुठीत दिला आणि म्हटलं, जसं आरामात धरता येईल तसं दाबा. त्यांचं वाकडं झालेलं मधलं बोट, सुजलेला सांधा, अंगठ्याखालचा उंचवटा, सगळं त्या मातीत उमटलं. ते बघून मी शिसवीचे दोन तुकडे घेतले, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. मधून एकच स्क्रू असतो, तो काढला की जुनी मूठ दोन्हीकडे सुटते. अकरा दिवस लागले. वाकड्या बोटाला खोबण दिली, करंगळीला खाली जागा केली, कडी बोटावर आपटू नये म्हणून पुढे थोडं भरलं. मी आजवर जे काही बनवलं त्यात ते काम सगळ्यात चांगलं होतं. अजूनही आहे.

कळंबोलीचे चंद्रशेखर मास्तर, पोलिसांत हत्यारं दुरुस्त करायचे ते, आता निवृत्त झालेत. त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण हे जाड झालंय. म्हाताऱ्याचा अंगठा घोड्यापर्यंत पुरणार नाही. आणि एवढं गुळगुळीत ठेवू नको. खाचा मार. हे शोपीस नाही."

मी हो म्हणालो. घरी आलो. खाचा मारायला पटाशी हातात घेतली आणि खाली ठेवली. शिसवीची ती रेघ अशी उतरली होती की तिच्यावर ओरखडे काढायचं जिवावर आलं. वर पॉलिशचे सहा हात मारले. काकांना आरशासारखं काहीतरी दाखवायचं होतं मला.

त्यांनी ते हातात घेतलं. एकेक बोट खोबणीत बसवून बघितलं. मग म्हणाले, "आता बसली बग. जशी काय हातातच उगावली." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. जागृती, मी एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, दुकानाच्या मागे जाऊन रडलो.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. काकांनीही नाही. त्यांना दसऱ्याला सगळ्यांना चकित करायचं होतं.

इथे उठून एक चहा घेऊन आलो. आता पुढचं.

दसऱ्याला सकाळी तू, तेजस आणि ठमी करंजाड्याहून आलात. तू थेट स्वयंपाकघरात काकीकडे गेलीस. काकांनी वर गच्चीत पाटावर पूजा मांडली होती. कोयता, माझ्या पटाश्या आणि पेचकस, गाडीची किल्ली आणि मधोमध रिव्हॉल्व्हर, झेंडूत बुडालेलं. तू मागाहून ताट घेऊन वर आलीस, लांबूनच नमस्कार केलास आणि पुरणाकडे बघायला खाली गेलीस. तुला नुसती नळी दिसली असेल.

काकांनी नेहमीसारखं बोटाने तेल लावलं, कुंकू लावलं. मग ते उचललं. घोडा चढवायला त्यांनी डाव्या हाताचा तळवा वापरला. चढला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेजस म्हणाला, "बाबा, नका ना. समोर टॉवर आहेत. कुणाच्या बाल्कनीत गेलं तर? राहू द्या."

काका थांबले. खरंच थांबले. हात खाली आणला. आणि मी म्हटलं, "उडवा हो काका, वर्षातून एकदा, काय होतंय." मला मूठ चालताना बघायची होती. बाकी काही कारण नव्हतं.

तेजसने परत मान हलवली. तो काकांच्या जवळ आला, हात जोडूनच म्हणाला, "माझ्यासाठी राहू द्या." जावयाने हात जोडल्यावर काका विरघळले. म्हणाले, "बरा, ऱ्हाला." आणि चढवलेला घोडा उतरवायला लागले.

चढवायला दुसरा हात चालतो. उतरवायला अंगठाच लागतो. अंगठ्याने घोडा धरून ठेवायचा, हळूच चाप दाबायचा आणि घोडा सावकाश पुढे सोडायचा. त्यांचा अंगठा जेमतेम टोकाला पोचत होता, कारण मूठ जाड होती. हाताला तेल होतं. आणि लाकूड गुळगुळीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती मूठ त्यांच्या हातात फिरली आणि घोडा अंगठ्याखालून सुटला. खवल्यांची असती तर चावली असती, पण फिरली नसती.

तेजसची नडगी फुटली ती अशी. त्याने रिव्हॉल्व्हरला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते काकांच्या हातून पडलं आणि घरंगळत त्याच्या हाताशी गेलं. तू धावत वर आलीस तेव्हा तुला ते तिथे दिसलं.

तू आणि शेजारची पोरं त्याला घेऊन हॉस्पिटलला गेलात. काकी ठमीला कुशीत घेऊन खालच्या खोलीत बसली. गच्चीत काका आणि मी. काकांचे दात वाजत होते. मला वाटलं, पाणी मागतील.

"मूठ बदल," ते म्हणाले. "जुनी लाव."

"काका, काय बोलताय?"

"तो जावय हाय, जवान हाय, त्याला कोन काय नाय करनार. मना या वयान जेलान टाकतील. माझी सगली इज्जत जाल. जुनी लाव, दिपेश. मी तुला वारवलाय."

एक स्क्रू. माझे स्वतःचे पेचकस पाटावर पूजेला होते, त्यांवर कुंकू लागलेलं होतं. त्यातलाच एक घेतला, जुनी मूठ तिथेच पाटाशेजारी रिव्हॉल्व्हरच्या डब्यात होती. पाच मिनिटं लागली असतील. दोन्ही लाकडी तुकडे मी सदऱ्याच्या खिशात टाकले. पोलीस आले तेव्हा काळी मूठ जागेवर होती, जणू आजोबांच्या काळापासून तिथून हललीच नव्हती.

साहेबांनी काकांना ते धरून दाखवायला सांगितलं. काकांच्या हातातून ते निसटलं. त्यांना नाटक करावं लागलं नाही, त्या मुठीवर ते खरंच धरता येत नाही. साहेबांनी मला विचारलं, "यात काही फेरफार केलेत का कुणी?" मी म्हटलं, "नाही साहेब, आमच्या आज्यापासून असंच आहे." त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तुलाही चौकीत विचारलं. तू म्हणालीस, "बाबांना चहाचा कप धरता येत नाही, ते रिव्हॉल्व्हर कुठून धरणार?" तू खोटं बोलली नाहीस. तुला जे माहीत होतं ते तू सांगितलंस. तेजस मात्र हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगत राहिला की बाबांच्या हातात होतं, आणि मूठ तपकिरी लाकडाची होती. लाकडाची! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या एका शब्दामुळे त्याचं बाकीचं सगळं खोटं ठरलं. तूही तेव्हाच त्याच्यावर चिडलीस ना? "स्वतःची चूक झाकायला माझ्या आजारी बापावर घालतोस," असं तू म्हणालीस. मी खोलीच्या दारात उभा होतो, ऐकत होतो. लाकडी तुकडे तेव्हाही माझ्या खिशात होते.

आता जे लिहितोय ते लिहायचं नव्हतं म्हणून मी एवढा वेळ मास्तरांच्या आणि शाडूच्या गोष्टी सांगत बसलो.

मागच्या मंगळवारी दुपारी तेजस दुकानात आला. काठी घेऊन. कळंबोलीच्या यार्डात त्याला आता क्रेनवर चढू देत नाहीत, गेटवर बसवलंय, आणि केस मिटेपर्यंत पुढचं सांगत नाहीत. बहिणीकडे राहतो, तिच्या घरी तीन पोरं, हा हॉलमध्ये झोपतो. मी स्टूल दिलं, पाणी विचारलं. तो बसला. इकडचं तिकडचं बोलला. ठमीच्या शाळेबद्दल विचारलं, पण माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत होतं. मग म्हणाला,

"दादा, एक विचारू? खरं सांग हां. तू बाबांच्या रिव्हॉल्व्हरला कधी लाकडी मूठ बनवली होतीस का?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात संशय असता तर बरं झालं असतं. तो संशय घेत नव्हता. डॉक्टरकडे जाऊन विचारावं तसं विचारत होता.

"नाही रे," मी म्हटलं.

"तेच," तो म्हणाला. "म्हणजे माझंच डोकं फिरलंय. मला अजून दिसते ती, दादा. रेघ पण दिसते लाकडाची. एवढं स्पष्ट दिसतं आणि ते नव्हतंच, तर मग बाकीचं तरी खरं कशावरून? कदाचित मीच उचललं असेल. सगळे म्हणतात तर असेल. टेन्शनमध्ये माणसाला आठवत नाही म्हणे. जाऊ दे, शुक्रवारी कबूल करतो. जागृती घरी घेईल. ठमीला बघता तरी येईल."

असं म्हणून त्याने माझा हात धरून दाबला, आणि काठी टेकत गेला. ती मूठ त्याच्या मागच्या खणात होती. त्याचं स्टूल आणि तो खण यांत हातभर अंतर नव्हतं.

गोळी कुणाच्या हातून सुटली, त्याला मी किती जबाबदार, यावर वकील बोलतील. काकांचं चुकलं ते एका क्षणात चुकलं. पण एक चांगला माणूस माझ्यासमोर बसून स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवत होता आणि मी त्याला तो दाखवू दिला. त्याला वेडा ठरवला, जागृती, आणि वर पाणी विचारलं. याची मला इतकी लाज वाटते की त्या दिवसापासून दुकानात त्या स्टुलाकडे पाठ करून बसतो.

काकांनी मला ते तुकडे जाळायला सांगितले होते. नाही जाळले. तेव्हा वाटलं, कधीतरी खरं सांगावं लागेल म्हणून ठेवतोय. ते काही तितकंसं खरं नाही. माझ्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम होतं म्हणून मी ठेवले. पण आता ते उपयोगी पडतील. ती मूठ दुसऱ्या कुणाच्या हाताला बसत नाही, मी माझ्या हातात धरून बघितली. वाकड्या बोटाची खोबण वाकड्या बोटालाच लागते. तेजसचा हात तिच्यात बसवून बघितला की साहेबांनाही कळेल.

काकीला पहिल्यापासून माहीत होतं. वर काय चाललंय ते बघायला ती आली होती, तेव्हा तिने मला खिशात काहीतरी टाकताना जिन्यातून पाहिलं होतं. परवा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मी त्यांची बायको हाय, माझ्या तोंडाला कुलूप हाय. तुझ्या तोंडाला कोनी लावलंय?" मी उठून दुकानात आलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

आज सकाळी काकांना जाऊन सांगितलं की मी तुला लिहितोय. मला वाटलं, मारतील, निदान घराबाहेर काढतील. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. हाताची बोटं एकदा उघडून मिटून बघितली. मग म्हणाले, "जागृतीला लिव, मी तिच्या नवऱ्यावर नेम नव्हता धरला." आणि थोड्या वेळाने, "तो हात जोरून उबा होता, ते पन लिव." म्हणून लिहिलं. त्यांच्याशी तू कशी वागशील ते तुझं तू ठरव. त्यांना रात्रीची झोप नाही, एवढं मी सांगतो, आणि तेही माफीसाठी नाही.

उद्या सव्वीस जानेवारीची सुट्टी. मंगळवारी सकाळी दहाला मी दोन्ही तुकडे घेऊन चौकीत जातोय, मास्तरही साक्षीला येतो म्हणालेत. खोटा जबाब दिला, पुरावा लपवला, जे काय कलम लागायचं ते लागू दे. दुकानाची किल्ली काकीकडे ठेवतोय. तुर्भ्याचे मोर राहिले तर राहिले.

हे पाकीट आजच शेजारच्या पोराच्या हाती तुझ्याकडे पाठवतोय. तू एक काम कर. हे वाचून झालं की लगेच तेजसला फोन लाव. मी त्याला सांगणारच आहे, त्याच्या समोर उभा राहून सांगणार आहे. पण माझ्याकडून ऐकण्याआधी त्याला तुझ्याकडून ऐकू दे, कारण माझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून त्याचं काय झालं ते तू वाचलंस. बाकी काही बोलायला जमलं नाही तरी चालेल. फक्त सांग, मूठ लाकडीच होती. तुला बरोबर दिसलं होतं.

खाली "तुझा दादा" असं लिहायचं होतं. ते आता मी लिहू नये, लिहायचं की नाही ते तू सांगशील तेव्हा बघू. शिवाय हा कागद वकिलांना द्यावा लागेल. म्हणून चौकीत लिहून घेतात तसं लिहितो.

दिपेश गंगाराम भोपी,
वय ४१ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार बोनकोडे.
वरील जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला असून, या वेळी तो खरा आहे.